पित्त खवळलं म्हणजे नक्की काय?

ऑफिसच्या पर्सनॅलिटी ट्रेनिंगमधे तो चार खान्यांचा तक्ता तुम्हीही बघितला असेल. सँग्विन, कोलेरिक, मेलँकॉलिक, फ्लेग्मॅटिक. दुसऱ्या दिवसापासून एखादे मॅनेजरसाहेब मीटिंगमधे डाफरतात आणि वर सांगतात, "काय करणार, मी कोलेरिक आहे!" जणू काही रक्तगटच सांगतायत. मला हे अजिबात पटत नाही.

मुळात हा शब्द आला कुठून? ग्रीकमधे 'खोले' म्हणजे पित्त. (कॉलरा आणि कोलेस्टेरॉल ही त्याच घरातली भावंडं.) हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांमधे शरीरातले चार द्रव मांडलेत : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पिवळं पित्त उष्ण आणि कोरडं, उन्हाळ्यासारखं. ते वाढलं की माणूस तापट! गंमत म्हणजे आपणही "पित्त खवळलं" असंच म्हणतो.

आता आपल्याला माहीत आहे, की पित्त यकृतात तयार होतं आणि चरबी पचवायला मदत करतं. रागलोभाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण थिअरी चुकीची होती हा माझा मुद्दाच नाहीये. मुद्दा असा, की ती मानणाऱ्यांनीसुद्धा रागाला सूट दिली नव्हती.

दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन हा तिचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता. त्याने लिहून ठेवलंय, की त्याची आई इतकी रागीट होती की कधीकधी दासींना चावायची! वडील मात्र शांत. त्याने वडिलांचा कित्ता गिरवायचं ठरवलं. रागाच्या भरात नोकरावर हात उचलायचा नाही, आपले दोष तोंडावर सांगेल असा वडीलधारा माणूस शोधायचा आणि वर्षानुवर्षं सराव करायचा, हा त्याचा सल्ला.

थोडक्यात, त्यांच्या लेखी तापटपणा हा दुरुस्त करायचा बग होता. आपण द्रव फेकून दिले, लेबलं तेवढी ठेवली आणि बगला फीचर म्हणायला लागलो. याची किंमत कोण मोजतं? टीममधला नवा पोरगा. दोनदा सगळ्यांसमोर झापलं गेलं की तिसऱ्यांदा त्याला कोडमधे गडबड दिसली तरी तो तोंड उघडत नाही. मग ती गडबड थेट क्लायंटलाच सापडते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी "मी कोलेरिक आहे" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "बरं, मग औषध काय चालू आहे?"