एकोणीस-विसाचा फरक

सातारा-सांगलीकडे फौजेत माणूस नसलेले गाव शोधावे लागेल. अपशिंगे गावच्या नावाला ‘मिलिटरी’ चिकटले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले. कराडात दर डिसेंबरला विजय दिवसाचा सोहळा होतो, तेव्हा पदके लावून आलेल्या माजी सैनिकांच्या छातीकडे सारे पाहतात. हातांकडे कोण पाहणार?

मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली गेली, की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची एक कड बधिर होते. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. रात्री मुंग्यांनी झोप मोडते. पुढे अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सुकतो आणि सदऱ्याचे बटण लागेनासे होते. गोळीची जखम दिसते, ही दिसत नाही. वर्षानुवर्षे हादरणारी यंत्रे आणि घट्ट पकडीची कामे हे याचे एक कारण. पण मधुमेहाने आणि थायरॉईडनेही हेच होते, आणि वाद तिथेच सुरू होतो.

मेडिकल बोर्ड दोन गोष्टी ठरवते : व्याधी सेवेमुळे जडली वा वाढली का, आणि अपंगत्व किती टक्के. पहिल्याचे उत्तर ‘दोन्ही नाही’ आले, तर इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला फौजेत ‘नाना’ म्हणतात. या नानाने भल्याभल्यांचे अर्ज गिळले! भरतीवेळी नोंद नसलेली व्याधी सेवेतच जडली असे धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले, तेव्हा कुठे पारडे थोडे हलले.

आता टक्क्यांचा हिशेब. माझ्यातला जुना बँकवाला इथे जागा होतो. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के, त्या प्रमाणात खाली, आणि विसाच्या आत काही नाही. 1996 पासून विसाच्या पुढचे, पण पन्नासाच्या आतले अपंगत्व पन्नास धरण्याची सोय झाली. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती 2014 च्या राम अवतार निकालाने मिळाली. म्हणजे विसाला वेतनाच्या शंभर रुपयांमागे पंधरा रुपये, एकोणिसाला शून्य. बधिर बोटांत एका टक्क्याचा फरक कोणता डॉक्टर छातीठोकपणे सांगेल? सप्टेंबर 2023 च्या नियमांनी पुढच्या निवृत्तांसाठी नावे बदलून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ आणले. टक्क्यांचे भांडण मात्र तसेच राहिले.

अमेरिकेत माजी सैनिकांची भरपाई दहा टक्क्यांपासूनच सुरू होते. याच नसेच्या मध्यम विकाराला कामाच्या हाताचे 30 टक्के, दुसऱ्या हाताचे 20. कोणत्या हाताने माणूस जेवतो, लिहितो, हे तिथे तक्त्यातच धरले आहे.

काउंटरपलीकडून मी हे हात पाहिले आहेत. सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेला पेन्शनर खजील होऊन जातो. सही करता न येणाऱ्याचा अंगठा, तोही जमत नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमक्ष घेता येतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काउंटरवर तो कुणी आपण होऊन सांगत नाही.

घरच्यांनी एवढे करावे. बोर्डाच्या कागदांची प्रत आणि नसांच्या तपासणीचा अहवाल ट्रंकेतून बाहेर काढावा. टक्केवारी मान्य नसेल तर आधी अपील, नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. कागदपत्रांसाठी साताऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच. अर्ज लिहायला मात्र नातवाला बसवावे.