मागच्या दाराचा प्रश्न

मोटारगाड्यांच्या हौशी मंडळींचे वाद साहित्याच्या अभ्यासकांनी गांभीर्याने वाचावेत, असे आमचे मत आहे. आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी भांडावे, असेही. या लेखाचे निमित्त टाटांच्या 'सिएरा'चे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रेटर नोएडा येथील वाहनप्रदर्शनात या नावाची एक संकल्पना-गाडी मांडण्यात आली. ती प्रत्यक्ष उत्पादनात यावी की नाही, आणि यायचीच तर कोणत्या रूपात, यावर पुढची पाच वर्षे वाद चालला. २०२३ च्या प्रदर्शनात तिचे पाच दारांचे, बरेच बदललेले प्रारूप आले. अखेर २५ नोव्हेंबर २०२५ रोजी गाडी बाजारात दाखल झाली. वाद मात्र मिटला नाही. 'संकल्पना जशी दाखवली तशीच रस्त्यावर आली पाहिजे होती, जे आले ते तडजोडीचे अपत्य आहे', हा त्या वादातला सर्वांत आग्रही पक्ष. आमचा विरोध या पक्षाला आहे.

विरोध मांडण्यापूर्वी या मंडळींचे ऋण मान्य केले पाहिजे. १९९१ साली पुण्यात तेव्हाच्या टेल्कोने काढलेल्या मूळ सिएराची त्यांना जी जाण आहे, ती पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला शोभावी अशी आहे. टेल्कोच्या हलक्या मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर सिएरा कशी उभी राहिली, तिच्यामागून १९९२ मध्ये 'इस्टेट', १९९४ मध्ये 'सुमो' आणि १९९८ मध्ये 'सफारी' कशी आली, कोणत्या आवृत्तीत कोणता तपशील बदलला, हे त्यांना मुखोद्गत असते. एखाद्या कवितेच्या दोन पाठांतला फरक इतक्या आस्थेने सांगणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच भेटतो. तेव्हा ही मंडळी अज्ञानी आहेत, असा आमचा आक्षेप नाही. त्यांची जाण एका विशिष्ट जागेवर येऊन थांबते, आणि ती जागा म्हणजे पुढचे आसन, असा तो आहे.

मूळ सिएराचे सौंदर्य कशात होते, असे विचारले तर एकच उत्तर मिळते: मागच्या बाजूच्या त्या विशाल, छतापर्यंत वळत गेलेल्या काचा. २०२० च्या संकल्पनेने त्या काचांचीच आठवण जागवली, म्हणून ती इतकी प्रिय झाली. आता या सौंदर्याची किंमत पाहू. मूळ गाडीला तीन दारे होती. दोन पुढे, एक सामानासाठी मागे. मागच्या आसनावर बसणाऱ्याला स्वतःचे दार नव्हते. पुढचे आसन वाकवून, अंग चोरून, फटीतून आत शिरावे लागे. त्या देखण्या काचा उघडत नसत. हा हलगर्जीपणा नव्हता, ती त्या रूपाची अटच होती. खिडकीची काच खाली घ्यायची तर ती दाराच्या पोटात सरळ उतरली पाहिजे. छताकडे वळलेली काच दाराच्या पोटात मावत नाही. म्हणजे काच की दार, असा हा रोकडा व्यवहार होता. रूपाने काच निवडली आणि तिचा मोबदला मागे बसणाऱ्याने दिला.

हे लक्षात घेतले की वादाचे स्वरूप पालटते. उत्पादनात आलेल्या सिएराला मागे दोन दारे आहेत आणि त्यांच्या काचा खाली येतात. जुन्या अखंड काचेचा आभास काळ्या रंगाच्या पट्ट्यांनी साधला आहे. ज्याला शुद्धतावादी द्रोह म्हणतात, तो एवढाच: काच गेली, दार आले. आम्हाला विचाराल तर त्या काळ्या पट्ट्या आम्हालाही खटकतात. जे सोडले ते सोडलेच नाही असा देखावा कशाला? पण दाराविषयी आमच्या मनात किंतु नाही. ते दार ही त्या पाच वर्षांतली सर्वांत चांगली दुरुस्ती आहे.

येथे सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक आम्हाला अडवील. वस्तूचे सौंदर्य तिच्या उपयोगावरून ठरवू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि आता तुम्हीच दाराची बाजू घेता? आक्षेप रास्त आहे. पण मर्ढेकरांच्या लयतत्त्वापासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) मराठीत झालेली चर्चा नीट वाचली तर उत्तर तेथेच सापडते. काँटने १७९० मध्ये सौंदर्याचे दोन प्रकार सांगितले. फुलाचे सौंदर्य पाहताना ते कशासाठी आहे, हे आपण विचारत नाही. वास्तूचे किंवा घोड्याचे सौंदर्य मात्र ती वस्तू काय असायला हवी, या कल्पनेशी बांधलेले असते. मोटारगाडी या दुसऱ्या वर्गातली आहे. माणसांना वाहून नेणे हे तिचे असणेच आहे. प्रदर्शनाच्या फिरत्या चौथऱ्यावर, दिव्यांच्या झोतात, कोणी आत बसलेले नसताना ती पहिल्या वर्गातली भासते, इतकेच. 'जशी दाखवली तशीच आणा' हा आग्रह चौथऱ्यावरचे फूल रस्त्यावर मागतो.

आता रस्त्याकडे वळू, आणि तो रस्ता आमच्या ओळखीचा घेऊ. बीड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात लिंबागणेश हे गाव आहे. भालचंद्र गणपतीचे स्थान म्हणून त्याची ख्याती. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरकडून. तोवर या जिल्हाठिकाणाला रेल्वे ठाऊक नव्हती. तेव्हा लिंबागणेशसारख्या गावाचे बाजार, दवाखाना, कॉलेज, लग्न, मयत, सगळे एसटीवर आणि काळ्या-पिवळ्या जीपवर चालत आले. त्या जीपमध्ये मागून चढायचे, समोरासमोरच्या बाकड्यांवर दाटीवाटीने बसायचे, गुडघ्याला गुडघा लावून उतरायचे ठिकाण येईपर्यंत हिसके सोसायचे. दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात याच जिल्ह्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार टाकून कारखान्यांकडे जातात. वाहन म्हणजे सुकाणू हाती धरण्याचा आनंद, हा अनुभव येथे अल्पसंख्य आहे. बहुसंख्यांना ठाऊक असलेले वाहन ते, ज्यात आपण मागे बसतो.

घरी स्वतःची गाडी आली तरी हे फारसे बदलत नाही. पुढे मुलगा, शेजारी वडील, मागे आई, आजी, सून आणि तिच्या मांडीवरचे मूल, ही बैठक कोणी ठरवून दिलेली नाही. पण ती आमच्याकडे बहुतेक गाड्यांत दिसते. गुडघे धरलेल्या आजीला चतुर्थीला भालचंद्राच्या दर्शनाला न्यायचे असेल, तर 'सिएराची अस्मिता' या शब्दाचा तिच्याशी संबंध एकाच ठिकाणी येतो: तिला चढता येईल असे दार आहे की नाही. मे महिन्यात मराठवाड्याचे ऊन उतरत्या काचेतून सोसणे वेगळे आणि न उघडणाऱ्या काचेमागे सोसणे वेगळे. हौशी मंडळींच्या चर्चेत इंजिनाची ताकद, चाकांचा व्यास, दिव्यांची रेषा यांवर पानेच्या पाने असतात. या आजीसाठी त्यात एक ओळ सापडत नाही. तिला वगळून जी समीक्षा होते, ती कितीही तपशीलवार असली तरी आमच्या मते अपुरी आहे.

शुद्धतावाद्यांचा दुसरा युक्तिवाद बाजाराचा आहे. संकल्पनेशी प्रामाणिक राहणारी गाडी लोक डोक्यावर घेतात, कंपन्याच भितात, असे ते म्हणतात. दाखला त्याच कंपनीचा घेऊ. मार्च २००५ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी 'एक्सओव्हर' ही संकल्पना-गाडी मांडली. जीपवर्गातली गाडी आणि कुटुंबाची मोटार यांचा संकर, म्हणजे आज ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात त्याच जातीची. ऑक्टोबर २०१० मध्ये तीच 'आरिया' होऊन बाजारात आली. मूळ आकृती बऱ्याच अंशी टिकली होती, तीन रांगांत माणसेही बसत होती. तरीही ती खपली नाही. जानेवारी २०१७ मध्ये तिच्याच पायावर आलेली 'हेक्सा' काही वर्षांत बंद झाली. आरिया का पडली, याची कारणे किमतीपासून विक्रीव्यवस्थेपर्यंत अनेक सांगता येतील. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की आकृतीशी इमान ही यशाची हमी नव्हे.

उलट बाजूनेही पाहावे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे 'मीरा' ही छोटी, सामान्यांना परवडेल अशी गाडी घडवायला घेतली आणि पुढची कित्येक वर्षे तिच्या नवनव्या आवृत्त्या केल्या. ती उत्पादनात आली नाही. कोणती संकल्पना रस्त्यावर येणार, हे परवाने, भांडवल आणि सत्ता ठरवतात. रसिकांचे प्रेम त्या निर्णयाच्या कडेला उभे असते. मग निदान त्या प्रेमाने तरी आपली बाजू विचारपूर्वक निवडावी, ही अपेक्षा गैर आहे काय?

आमच्याविरुद्ध सर्वांत बळकट साक्ष 'नॅनो'ची आहे, आणि ती आम्ही टाळणार नाही. पावसात एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली, हे त्यांनीच अनेकदा सांगितले. म्हणजे मागे बसलेल्या बाईपासून आणि मध्ये दाटलेल्या मुलापासून सुरू झालेली ही संकल्पना. जानेवारी २००८ मध्ये ती दाखवली गेली, मार्च २००९ मध्ये बाजारात आली, आणि २०१८ अखेर तिचे उत्पादन थांबले. मागच्या प्रवाशाचा विचार करून काय मिळाले, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे: नॅनोने त्या कुटुंबाला चार दारे दिली, पण सोबत 'सर्वांत स्वस्त' ही पाटीही गळ्यात बांधली. ज्याला स्कूटरवरून उतरून प्रतिष्ठेने गाडीत बसायचे होते, त्याला गाडीनेच त्याची ऐपत चारचौघांत सांगितली. ते अपयश मागच्या प्रवाशाचा विचार केल्याचे नाही, तो विचार अर्ध्यावर सोडल्याचे आहे.

प्रयोगाच्या स्वातंत्र्याचा मुद्दाही येईल. सर्व गाड्या आजीसाठीच असाव्यात काय? मुळीच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या महिंद्रांच्या तीन दारांच्या नव्या 'थार'ला गिऱ्हाइकांनी रांगा लावल्या, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच नावाची पाच दारांची 'थार रॉक्स' ऑगस्ट २०२४ मध्ये आली, हेही ठाऊक आहे. ज्याला एकट्याने डोंगर चढायचा आहे त्याने खुशाल चढावा. संकल्पना-गाडी ही प्रायोगिक रंगभूमीसारखी आहे. तिने आरसे काढून टाकावेत, चाके अवाढव्य करावीत, खांब नाहीसे करावेत. तिचे ते कामच आहे. पण प्रायोगिक नाटकाचा एकही शब्द न बदलता गावोगाव दौरा झालाच पाहिजे, नाही तर कलेचा खून झाला, असा गिल्ला करणारा रसिक प्रयोगाचा मित्र नव्हे. दौऱ्यात प्रेक्षक बदलतो, आणि नाटकाला त्याला सामोरे जावे लागते.

या सगळ्याला एक गंभीर बाजू आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या आसनावर बसलेले सहप्रवासी, दोघेही मृत्यू पावले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधला पाहिजे, हा नियम त्याआधीही होता. देशभर त्याची चर्चा झाली ती त्यानंतर. मागच्या आसनाकडे पाहायला आपल्या समाजाला एवढी किंमत मोजावी लागली. काळ्या-पिवळ्या जीपच्या बाकड्यावर तर बांधायला पट्टाच नसतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे मांडण्याचे कारण आता उघड आहे. १९६० नंतरच्या मराठी साहित्यात दलित आणि ग्रामीण लेखकांनी प्रस्थापित समीक्षेला हाच प्रश्न विचारला होता: तुमच्या आकृतीच्या चर्चेत आम्ही कोठे बसलो आहोत? तो प्रश्न आकृतीचा शत्रू नव्हता. त्याने आकृतीची चर्चा अधिक खरी केली. गाडीप्रेमींकडे तपशील आहे, स्मरण आहे, तुलनेची शिस्त आहे. त्यांनी एवढेच करावे की पुढची संकल्पना-गाडी पाहताना मनाने मागे जाऊन बसावे. दार किती उघडते, पाय कोठे टेकतात, काच कोण उतरवते, पट्टा हाताला सापडतो काय, हे आधी विचारावे. याची उत्तरे मिळाली की मग ती उत्पादनात यावी की नाही यावर हवे तितके भांडावे. लिंबागणेशहून बीडला येणारी आमची विद्यार्थिनी त्या भांडणात आनंदाने भाग घेईल. गाडीत कोठून आणि कसे चढावे लागते, याची माहिती तिच्याइतकी त्यांच्यापैकी फार थोड्यांना असेल.