काट्याचा आकडा तुटला, तर झाकण उघडावे काय?

पितळी तागडी आता दुकानांतून जवळपास हद्दपार झाली आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, शहागंजच्या फळगाड्यापासून जुन्या मोंढ्यातल्या किराणा दुकानापर्यंत सर्वत्र लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा बसला आहे. तागडी बिघडली की ती डोळ्यांना दिसे. दांडी कलली, साखळी अडकली की गल्ल्यावर बसलेल्या पोरालाही कळे. इलेक्ट्रॉनिक काट्याचे तसे नाही. तो बिघडला तरी शहाण्यासारखा आकडा दाखवत राहतो, आणि आपण त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

आमच्या दुकानात घडलेली गोष्ट सांगतो. पावसाळ्याचे दिवस होते. एका जुन्या गिऱ्हाइकाला बदाम तोलून दिले. काट्यावर 650 ग्रॅम आले, तेवढ्याचे पैसे झाले. पुडी हातात घेतल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "भाई, पुडी जड लागते. एकदा पुन्हा पाहा." शेजारच्या काट्यावर ठेवली तर 850 ग्रॅम भरली. किलोला 800 रुपये भाव धरला, तर 200 ग्रॅमचे 160 रुपये एका पुडीत गेले असते. असे किती दिवस चालले होते आणि किती पुड्या गेल्या, याचा हिशेब आम्हाला आजही लागलेला नाही. गिऱ्हाईक खरे म्हणून निदान कळले तरी.

बिघाड होता केवढा? काट्याचा प्रत्येक आकडा सात काड्यांचा असतो. तीन आडव्या, चार उभ्या. सातही पेटल्या की 8 दिसतो. आमच्या काट्यात एकाच घरातली वरची उजवी काडी विझली होती. ही काडी गेली की 8 चा 6 दिसतो आणि 9 चा 5 दिसतो. खालची डावी काडी गेली तर 8 चा 9 होतो, 6 चा 5 होतो. मधली आडवी गेली तर 8 चा शून्य. वरची आडवी गेली तर 7 चा 1. म्हणजे कधी दुकानदार बुडतो, कधी गिऱ्हाईक. भंगार किंवा धान्य विकत घेणाऱ्या बांधवांनी तर हे नीट लक्षात घ्यावे, कारण तिथे 8 चा 6 झाला की नुकसान माल आणणाऱ्या गरिबाचे होते, आणि त्याला पत्ताही लागत नाही. मापात कमी करणाऱ्यांच्या नावानेच कुरआनात एक सूरह आहे, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. आमची नियत साफ होती हे खरे, पण काटा चुकत होता हेही तितकेच खरे.

बहुतेक काटे चालू करताच सर्व घरांत क्षणभर 8 8 8 8 8 दाखवतात किंवा 0 पासून 9 पर्यंत आकडे पळवतात. ही शोभा नसून सगळ्या काड्या जिवंत आहेत की नाहीत, याची ती तपासणी आहे. पण आपण काटा बंद करतो कुठे? आत बॅटरी असते, काटा महिनोन्‌महिने चालूच राहतो आणि तपासणी कधी होतच नाही. आम्ही आता रोज दुकान उघडल्यावर काटा एकदा बंद करून चालू करतो आणि पुढची व मागची, दोन्ही बाजूंची आठची रांग पाहतो. गिऱ्हाइकाकडे तोंड असलेला मागचा आकडा आपल्याला दिसत नाही, म्हणून तो आधी पाहावा. त्यानंतर तपासलेले वजन ठेवून पाहावे. पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

आता मूळ प्रश्न. आकडा तुटला की पेचकस घेऊन घरीच झाकण उघडावे काय? आपल्या बहुतेक घरांत एखादा हुशार मुलगा असतोच, जो इस्त्री, पंखा, मोबाइल सगळे खोलून बसतो. आमच्याही घरात आहे. त्याने हात लावण्याआधी आम्ही त्याला थांबवले. त्याला काम येत नव्हते असे नाही. काट्याला सील असते, म्हणून थांबवले.

वैधमापन कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2011 पासून लागू आहे. व्यापारात वापरायच्या काट्याची दुरुस्ती परवाना असलेल्या दुरुस्तीकारानेच करायची, असे हा कायदा सांगतो. इलेक्ट्रॉनिक काटा दर 12 महिन्यांनी पास करून घ्यावा लागतो. दुरुस्तीसाठी सील तोडले तर वर्षाची मुदत बाकी असली तरी पुन्हा पासिंग करावे लागते. सील कशासाठी? आकड्याची पाटी आणि वजन जुळवण्याची कळ एकाच झाकणाखाली असते. आकडा दुरुस्त करायला गेलेला हात त्या कळीपर्यंत पोहोचू शकतो, आणि पोहोचला नाही हे नंतर कोणालाही सिद्ध करता येत नाही. तपासणीला आलेल्या निरीक्षकासमोर "मुलाने फक्त एक तार जोडली" हे कितीही खरे असले तरी ऐकले जात नाही, आणि आमच्या मते ऐकले जाऊही नये.

पण सील न तोडता जे करता येते तेही आपण करत नाही, आणि प्रत्येक वेळी मिस्त्रीला पैसे मोजतो. आकडे मंद झाले किंवा लुकलुकू लागले तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. आतली लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरू दिली की लवकर मरते. रात्रभर चार्ज करून पाहावे. अडॅप्टर दुसऱ्या बोर्डात लावून पाहावा, त्याची पिन पुसावी. आकड्याची पाटी वेगळ्या दांड्यावर असेल तर बाहेरून येणारी तार हलवून पाहावी. मसाल्याची धूळ, तेल, ओल हे काट्याचे मोठे शत्रू आहेत. आमच्या काट्याला पावसाळ्याची ओलच बाधली होती.

याच्या पुढे गेले की मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडेल असे थोडे ज्ञान असावे. एकाच घरातली एकच काडी गेली असेल तर दोष त्या घराच्या दिव्यात किंवा त्याच्या झाळीत. सर्व घरांतली तीच काडी गेली असेल तर दिवे बहुधा शाबूत आहेत, ती काडी चालवणारी सामाईक वाट तुटली आहे. एक अख्खे घर विझले असेल तर त्या घराला वीज देणारा ट्रान्झिस्टर किंवा सांधा पाहावा. एवढे सांगता आले की "पूर्ण पाटी बदलावी लागेल, शेठ" हे वाक्य कमी वेळा ऐकू येते. आम्हालाही आधी तेच ऐकवण्यात आले होते. प्रत्यक्षात एक सुटलेली झाळ निघाली.

अमेरिकेत पिनबॉल नावाचा एक खेळ आहे. काचेखाली गोळी धावते, ती आपटली की गुण वाढतात आणि समोरच्या पाटीवर आकडे पेटतात. तिथले शौकीन लोक चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ही यंत्रे घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करतात. रोग तेच आहेत: हादऱ्याने तडकलेली झाळ, काळवंडलेल्या पिना, जुन्या सेलमधून गळून पाटी खाणारे रसायन. फरक एवढाच की त्या जुन्या पाट्या वायूच्या असतात आणि त्यांना शंभर ते दोनशे व्होल्टपर्यंत वीज लागते, म्हणून जाणता माणूस यंत्र बंद केल्यावरही थोडा वेळ थांबतो. तिथे आकडा चुकला तर कोणाचे नुकसान होत नाही, फार तर दोन मित्र भांडतील. म्हणून ते काम घरी करावे, खुशाल करावे. आपल्या मुलांनाही अशाच वस्तूंवर हात बसवू द्यावा. घरातला स्टॅबिलायझर, मुलांचा बंद पडलेला खेळ, जुने घड्याळ, स्वयंपाकघरातला छोटा काटा, प्लग काढून, हवे तेवढे खोलावेत. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मिळणाऱ्या जुन्या मालावर या शहरात कितीतरी जण काम शिकले असतील.

हुनर आपल्याकडे आहे, कागद नाही, ही आमची खरी तक्रार आहे. पैठण गेटच्या मोबाइल बाजारात केसाएवढ्या सांध्यावर झाळ देणारे तरुण बसले आहेत. त्या मानाने काट्याच्या पाटीचे काम सोपे. तरीही परवाना घेऊन काट्याच्या दुरुस्तीत उतरलेले आपले तरुण आम्हाला फारसे दिसत नाहीत. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढतात, पण अर्ज करायचा म्हटले की कंटाळतात. मग काम चोरून होते, पावती नाही, आणि जोखीम दुकानदाराच्या डोक्यावर. केंद्राच्या ग्राहक विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यावर संकेतस्थळही काढले. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी, हा त्यामागचा विचार चांगला आहे. पण भाग मिळाले तरी बसवणारा हात कायद्याच्या आत हवा. दुरुस्तीचे दुकान टाकू पाहणाऱ्या तरुणाने आधी जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात जाऊन परवान्याचे नियम विचारून यावेत, साधने आणि तपासणीची वजने कोणती लागतील हे पाहावे, आणि मगच पाटी रंगवावी.

आमचा काटा परवानाधारकाकडून दुरुस्त होऊन, नव्या शिक्क्यासह परत आला. त्याला चार दिवस लागले. तेवढे दिवस शेजारच्या दुकानदाराने आपला जादा काटा दिला. त्याची आठची रांगही आम्ही आधी पाहून घेतली. त्याला थोडा राग आला, पण त्याने समजून घेतले.