फराळ घरी, कृती मराठीत

दिवाळी जवळ आली की पालक आणि विश्वस्त आम्हांला दोन गोष्टी विचारतात. सुटी किती दिवसांची, आणि दिवाळी मीलनाचा फराळ यंदा कोणाकडून घ्यायचा? पहिल्याचे उत्तर शासनाच्या आदेशात असते. दुसऱ्याविषयी आमचे एक मत आहे. ते सर्वांना रुचेलच असे नाही, म्हणून सुटी लागण्यापूर्वीच मांडतो.

आमच्या मते यंदा फराळ विकत घेऊच नये. थोडा चिवडा, दोन चकल्या, एक लाडू असे खोके प्रत्येकाच्या हाती द्यायचे, भाषणे ऐकायची आणि खोके घेऊन घरी जायचे, यात मीलन नेमके कुठे होते? त्यापेक्षा भाऊबिजेनंतरच्या रविवारी प्रत्येक घराने दोन-तीन कुटुंबांना आपल्याकडे बोलवावे. वेळ सकाळी साडेदहा-अकराची. न्याहारीला उशीर आणि जेवणाला लवकर अशी. मोठी मुले त्याला ब्रंच म्हणतात, म्हणोत. बोलावलेल्यांत एक तरी घर अमराठी असावे. मालवी, सिंधी, गुजराती, जो शेजार असेल तो. इंदुरात हे अवघड नाही.

फराळाबरोबर पोहे हवेतच. आमची सूचना अशी की दोन्ही तऱ्हेचे करावेत. आपल्या कांदेपोह्यांत कांदा फोडणीत परततात आणि वरून ओले खोबरे घालतात. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले, त्यात बडीशेप, किंचित साखर, वरून कच्चा कांदा, जिरावन आणि शेव. इथल्या कितीतरी मराठी घरांत दोन्ही होतात, पण एकाच सकाळी शेजारी शेजारी मांडून कोणी पाहत नाही. मुलांनी पाहावे. (शेव मात्र दुकानातूनच आणावी. इंदुरात राहून शेव घरी करण्याचा हट्ट आम्हांला पटत नाही.)

खरे काम खाण्याच्या आधीचे आहे. पाचवीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या मोठ्यांकडून एक पदार्थ शिकावा, त्यांच्याबरोबर करावा, त्याची कृती मराठीत लिहावी आणि रविवारी पाहुण्यांना वाचून दाखवावी.

मराठीत का, हे सांगायला हवे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इतिहास, विज्ञान, गणित, सारे हिंदीत डोक्यात बसले आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण मराठी टिकली ती स्वयंपाकघरात. हिंदीत ‘भूनना’ म्हटले की काम भागते. आपल्याकडे भाजणे निराळे आणि परतणे निराळे. मोहन, भाजणी, उकड, एकतारी पाक, गोळीबंद पाक, रवाळ तूप, खुसखुशीत, खुटखुटीत. अनारसा तुपात सोडल्यावर विरघळू लागला तर तो ‘हसला’ म्हणतात! हे शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहून शिकवू शकतो, आणि मुले परीक्षेनंतर ते विसरू शकतात. कढईजवळ ऐकलेला शब्द तसा विसरत नाही. खोके विकत आणले की पदार्थ घरात येतो, शब्द येत नाहीत.

अडचण एकच, आजीचे माप. विचारले की ती ‘अंदाजाने’ म्हणते, आणि अंदाज वहीत उतरत नाही. तेव्हा मुलांनी आजीची मूठ वाटीने मोजावी. चकलीचेच घ्या. एका घरातली भाजणी अशी: ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभऱ्याची डाळ, १ वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे आणि प्रत्येक जिन्नस मंद आंचेवर वेगवेगळा भाजायचा, कारण डाळी आणि तांदूळ एका वेळी भाजून होत नाहीत. मग दळायचे. २ वाट्या भाजणीला २ मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन आणि जवळजवळ पिठाइतकेच उकळते पाणी. मोहन जास्त झाले तर चकली तेलात सुटते, कमी झाले तर दाताला लागते. शेजारच्या घरी हेच प्रमाण वेगळे असेल. ते वेगळेपणच लिहून हवे आहे. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि अनेक घरांत ते आजही फडताळात आहे. त्यातून उतरवून आणलेली कृती आम्ही ओळखू.

आईची मातृभाषा मराठी नाही, अशी मुलेही आपल्या शाळेत पुष्कळ आहेत. त्यांनी आईच्याच घरची कृती आणावी. बाफले आधी पाण्यात उकडून मग का भाजतात, हे कोणी मराठीत नीट लिहून आणले तर आम्हांला अधिकच आनंद होईल.

आता मातांची रास्त हरकत. दिवाळीत आधीच पाठ मोडते, त्यात हे आणखी एक काम? म्हणून पदार्थ तीनच असावेत, आणि त्यातला एक वडिलांनी करावा. तळणीशी मोठेच राहतील. चकल्या पाडणे, करंज्या भरणे, शंकरपाळे कातणे मुलांकडे, मुलगे असोत की मुली. ताटल्या घरच्या स्टीलच्या. ज्यांचे घर लहान आहे त्यांनी दोन घरे मिळून करावे.

काही विश्वस्तांचे म्हणणे आहे की वर्षातून एकदा सारा समाज एका छताखाली येतो, तेवढेही जाईल. हा मुद्दा हलका नाही. पण गणेशोत्सवात आपण एका छताखाली येतोच, आणि तिथेही आपापल्या ओळखीच्या खुर्चीशेजारी बसतो. खोक्यांचा वाचलेला खर्च मुलांच्या कृतींची पुस्तिका छापायला द्यावा, अशी विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे.

कृती एका पानात, स्वतःच्या अक्षरात लिहावी, खाली सांगणाऱ्याचे नाव घालावे आणि सुटीनंतर आठवड्याभरात मराठीच्या शिक्षकांकडे द्यावी. चकलीचा सोऱ्या घरी नसेल तर शाळेत दोन आहेत. कार्यालयात नाव नोंदवून न्यावा आणि धुऊन परत आणावा.