हद्द कोण आखतो?

कागल तालुक्यातील बिद्री येथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात कोणत्याही साखर कारखान्यात जा, गव्हाणीत पडलेल्या उसाचा हिशेब तेथे काटेकोरपणे ठेवलेला असतो. गाळप किती झाले, बगॅसमध्ये साखर किती गेली, वाफ किती लागली, उतारा किती पडला, सारे टक्क्यांत मिळेल. मात्र हेच शास्त्र वजनकाट्याच्या बाहेर आले की मुके होते. असे का?

अभियंता कोणताही आराखडा करताना आधी एक हद्द ठरवतो. आतले मोजायचे, बाहेरचे गृहीत धरायचे. ही पद्धत शास्त्रीयच आहे. परंतु हद्द कोठे आखायची हे गणित सांगत नाही, ते माणूस ठरवतो. गावकुसाची रेषाही अशीच माणसांनी आखली होती, हे आपण विसरता कामा नये.

तुटलेल्या उसातील साखर घटत जाते, म्हणून कारखान्याला ऊस ताजा हवा. या शास्त्रीय नियमाची किंमत पहाटेच्या थंडीत फडात उतरणारी ऊसतोड बाई मोजते. हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’! दोन माणसांचे एक अवजार झाले. डोक्यावर मोळी घेऊन ती गाडीवर चढते, तो भार कार्यक्षमतेच्या हिशेबात येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली, तेव्हा कोठे हे शरीर चर्चेत आले. आता तोडणीयंत्र आले आहे. म्हणजे तिचे ओझे हलके करण्याआधी तिलाच फडातून हलवण्याची सोय झाली!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज कशी निर्माण करायची एवढ्यावर न थांबता ती कशासाठी, हा प्रश्न मांडला. जनतेची दारिद्र्यातून सुटका हे त्यांचे उत्तर होते. प्रयोजन आधी, आराखडा नंतर, हीच अभियांत्रिकीची खरी पद्धत होय.

साखर कारखान्यांनी उताऱ्याच्या रकान्याशेजारी तोडणी मजुराच्या श्रमाचा आणि आरोग्याचा रकाना सुरू करावा. आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कागदावर पहिली रेष ओढताना स्वतःला विचारावे, या रेषेच्या बाहेर कोण उभे आहे? तेथे आपलीच माय तर नाही ना?