चार बेस लावले, तरी पोरीची गिटार कोणाला ऐकू आली नाही

मित्रांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. नाल्या, रस्ते, कचरागाडी यावर मी नेहमीच लिहितो, आज माईकवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या वर्गणीचा आहे.

मागच्या गणपतीत आपल्या सिंदी मेघेत एका मंडळाने सांस्कृतिक संध्याकाळ ठेवली होती. मंडळाचं नाव लिहीत नाही. त्या समितीत मीही होतो, त्यामुळे जे सांगतोय त्यात माझीही चूक धरा. अकरावीतली एक मुलगी गिटार घेऊन स्टेजवर आली. साधी लाकडी गिटार, वडिलांनी पैसे साठवून घेऊन दिलेली. तिने एक भजन गिटारवर बसवलं होतं, दोन महिने घरी तयारी केली होती. समोर एकच माईक, तोही भाषणाच्या उंचीवर, तिच्यापासून चार फूट लांब. आवाज येईना. मागून ओरड सुरू झाली, "वाढव ना भाऊ, काही ऐकूनच नाही येऊन राहिलं!" साऊंडवाल्या पोराने बटण फिरवलं आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. त्याने कमी केलं, की पोरगी पुन्हा गायब. वाढवलं, की पुन्हा शिट्टी. असं तीनदा झालं. शेवटी कोणीतरी ओरडलं, "डीजे लाव बे!" लोक हसले. ती अर्ध्यातच उठली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील भेटले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, वर्गणी तं आम्हीपण देली होती ना."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कारण साऊंड ठरवायला मीच गेलो होतो. चार बेस, चार टॉप, लाइटिंग, सगळं बोटावर मोजून घेतलं, भाव पाडला. माईकचं काय, हे मी विचारलंच नाही. "ते येतेच सोबत," असं धरून चाललो. आपल्याकडे सगळी मंडळं असंच धरून चालतात. मग साऊंडवाला तरी चांगला माईक कशाला आणेल? ज्याचा भाव कोणी विचारत नाही, त्यावर तो पैसे का घालेल? त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही.

मी स्वतः भजनात पेटी वाजवतो, थोडंफार कळतं. यानंतर जाणकारांना विचारलं, घरी करून पाहिलं. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं, की माईकमध्ये येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे चार फुटांवरचा माईक एका फुटावर आणला तर 12 डेसिबल. तेवढीच वाढ ॲम्प्लिफायरमधून काढायची म्हटलं तर 16 पट वॉट लागतात. पाचशे वॉटच्या जागी आठ हजार! आणि एवढे वॉट लावूनही शिट्टी थांबत नाहीच, कारण स्पीकरचा आवाज फिरून त्याच माईकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि हे चक्र सुरू राहतं. जे काम स्टॅण्ड तीन फूट पुढे सरकवून फुकटात झालं असतं, त्यासाठी आम्ही चार बेस भाड्याने आणले होते.

दुसरी गोष्ट जागेची. गिटारचा आवाज एकाच ठिकाणाहून निघत नाही. एकाने गिटार वाजवावी, दुसऱ्याने एक कान बोटाने बंद करून दुसरा कान वीतभर अंतरावरून गिटारसमोर फिरवावा. मधल्या गोल भोकासमोर आवाज नुसता घुमतो. तारा जिथे खाली बांधल्या असतात त्या पट्टीजवळ तो कडक, टणटणीत लागतो. मान जिथे पोटाला येऊन मिळते त्या बाजूला दोन्ही नीट मिसळलेले ऐकू येतात. माईक म्हणजे कानच. जिथे कानाला बरं वाटतं, तिथे माईक ठेवायचा. आपण नेमका भोकासमोर ठेवतो, कारण "आवाज तिथून निघतो" असं वाटतं. घुमण्याची आणि शिट्टीची अर्धी तक्रार तिथेच सुरू होते.

तिसरी गोष्ट माईक निवडण्याची. स्टुडिओत गिटारसाठी कंडेन्सर माईक वापरतात. तो फार नाजूक आवाज पकडतो, त्याला मिक्सरमधून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो. पण मंडपात, बाजूला स्पीकर असताना, तो पंख्याचाही आवाज पकडतो आणि लवकर शिट्टी मारतो. मंडपासाठी साधा डायनॅमिक माईक बरा. त्याला वेगळी वीज लागत नाही, धक्के सोसतो आणि जवळ ठेवला तर नीट काम करतो. श्युअर कंपनीचा एसएम 57 हा 1965 पासून चालत आलेला माईक जगभर वाद्यांसमोर दिसतो, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भाषणाच्या टेबलावरही तोच असतो. तोच घ्या असं नाही. त्या जातीचा बरा माईक असला तरी पुरे. घेताना एवढं पाहा, की तो समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो की नाही. अशा माईकच्या अगदी पाठीमागे कलाकाराचा स्पीकर ठेवला, की शिट्टी बरीच कमी होते.

ज्या गिटारला आतून पिकअप असतो आणि वायर लावता येते, तिथे शिट्टीचा त्रास कमी. पण ती वायर सरळ मिक्सरला खुपसली की आवाज पातळ, प्लास्टिकसारखा होतो. मध्ये डीआय बॉक्स नावाची हाताएवढी डबी लावली की फरक लगेच कळतो. मंडप फार मोठा असेल तर पिकअप आणि माईक दोन्ही थोडे थोडे मिसळायचे. आणि जो माईक कोणी वापरत नाही तो बंद ठेवायचा. चालू माईक दुप्पट झाले, की शिट्टी सुमारे 3 डेसिबल आधीच येते. आपल्या स्टेजवर पाहुण्यांचे दोन-तीन माईक कार्यक्रमभर उघडेच असतात.

आता कोणी म्हणेल, गिटार शहरी पोरांची, आमच्या भजनाला काय त्याचं? मग खंजिरी घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1936 साली गांधीजींच्या निमंत्रणावरून आपल्या शेजारच्या सेवाग्रामला येऊन महिनाभर राहिले होते. त्यांची खंजिरी आणि भजन विदर्भाच्या गावागावात पोचलं, त्याला डबल बेस लागला नव्हता. आज त्याच खंजिरी भजनात आपण गाणाऱ्याच्या तोंडासमोर एक माईक लावतो. खंजिरीच्या झांजा त्यात एवढ्या शिरतात, की शब्द कळत नाही. भजनातला शब्दच कळला नाही, तर मग राहिलं काय? खंजिरीला वेगळा माईक, थोडा खाली, कातड्याच्या बाजूने लावून पाहा. एका माईकचं तर काम आहे.

आणि हाच माईक ग्रामसभेत आठवून पाहा. पुढे टेबलावर एक माईक, तो ज्याच्या हातात तो बोलणार. त्यातही काही जण माईकची जाळीच मुठीत दाबून धरतात. जाळी झाकली की माईकला पुढचं-मागचं कळेनासं होतं आणि तो शिट्टी मारतो. मागच्या रांगेतल्या बायका उभं राहून नालीबद्दल, नळाबद्दल बोलतात, ते पुढे जातच नाही. कोणीतरी म्हणतं, "झालं ना ताई, बसा आता." त्या पोरीसोबत स्टेजवर जे झालं, तेच या बायकांसोबत होतं. ज्याचा आवाज लहान, त्याच्यापर्यंत माईक न्यायचा असतो. आपण त्यालाच मोठ्याने बोल म्हणतो.

उलट ज्या आवाजाची गरज नाही तो किती? ध्वनी प्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल सांगतात. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आजूबाजूला 100 मीटर शांतता क्षेत्र सांगतात. रात्री दहानंतर बंद. हे सगळं मंडळाच्या परवानगीच्या कागदावर सही करून आपण देतो आणि विसरतो. मी धुमालच्या विरोधात नाही, विसर्जनाला नाचलोही आहे. पण वर्षभरातले सगळेच कार्यक्रम विसर्जनाची मिरवणूक नसतात.

"गावात पाण्याची बोंब, आणि यांना माईक सुचतो," असं कमेंटमध्ये येईलच. भाऊ, पाण्याची बोंब तरी ऐकू येऊ द्या! आणि मी नवीन खर्च मागत नाही. खर्च होतोच आहे, त्यातला थोडा इकडे वळवा म्हणतोय.

माझ्या मागण्या चार.

एक, या वर्षी प्रत्येक मंडळाने एक बेस कमी सांगावा आणि त्या पैशात वाद्यासाठी दोन बरे माईक, खाली वाकणारे दोन स्टॅण्ड आणि एक डीआय बॉक्स लिहून घ्यावा. तोंडी नाही, बयाणा देताना कागदावर.

दोन, पाहुणे येण्याआधी अर्धा तास कलाकारांना स्टेज द्यावं. "हॅलो, हॅलो, माईक चेक" म्हणत जाळीवर टिचक्या मारणं म्हणजे तपासणी नव्हे. जो वाजवणार, त्याने वाजवून पाहायचं.

तीन, गावाची एक माईक पेटी असावी. चार माईक, स्टॅण्ड, वायरी, छोटा मिक्सर. शाळेचं गॅदरिंग, महिला मंडळाचं भजन, गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना, सगळ्यांनी रजिस्टरमध्ये नोंद करून न्यावी, परत आणावी. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात हा विषय मी पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे.

चार, ग्रामसभेत दुसरा माईक रांगांमधून फिरता ठेवावा आणि तो आधी मागच्या रांगेत जावा.

मागच्या रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेलो होतो. माझा पेटीचा माईक आणि स्टॅण्ड सोबत नेला. अंगणात तिला बसवलं, कान फिरवून जागा शोधली, माईक वीतभर अंतरावर लावला, स्पीकर माझा जुनाच, लहानसा. शेजारच्या घरातली आजी कुंपणापाशी येऊन उभी राहिली, एवढं स्वच्छ ऐकू गेलं. मी तिला विचारलं, या वर्षी वाजवशील का? ती म्हणाली, "माईक कोण लावन, काका?"

मी सांगितलं, मी लावतो. पण प्रत्येक पोरीला ओळखीचा काका असावा लागेल, ही काही व्यवस्था झाली नाही. ग्रामसभेला या. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर इथेच सांगा, उत्तर देईन.