खोडरबरावरचं नाव

परवा संध्याकाळी आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांशी माझं चांगलंच वाजलं. दोघंही सत्तरीच्या पुढचे, दोघंही निवृत्त शिक्षक, आणि वादाला कारण काय, तर एक जपानी चित्रांचं पुस्तक! सर चहाला आले होते. टीपॉयवर पडलेलं पुस्तक त्यांनी चाळलं, मागचा मजकूर वाचला आणि कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, हे असलं तुमच्या घरात? दोन मुलग्यांचं प्रेम, आणि वर त्याचा विनोद! एक वेळ गंभीर काही असतं तर समजू शकलो असतो."

पहिल्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. ते अपेक्षितच होतं. पण ते शेवटचं वाक्य काही मला झोपू देईना. म्हणून हा लेख.

पुस्तक माझ्या नातीचं. मे महिन्यात पुण्याहून आली आणि जाताना विसरून गेली (की मुद्दाम ठेवून गेली, देव जाणे). ‘माय लव्ह मिक्स-अप!’चा पहिला भाग. असल्या जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात. लेखन वाताऱू हिनेकुरे यांचं, चित्रं अरुको यांची. २०१९ पासून तिकडच्या एका मुलींच्या मासिकात ही क्रमशः येत होती. इंग्रजी भाषांतरसुद्धा उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, हे मला नातीने दटावून सांगितलं. मी मराठी माध्यमाची बी. ए., त्यात पुस्तक उलटं. शब्दकोश घेऊन बसले, आठवडा लागला.

गोष्ट वर्गातली आहे. आओकी नावाच्या मुलाला हाशिमोतो नावाची मुलगी आवडते. तो तिच्याकडे खोडरबर मागतो, ती देते, आणि बघतो तर त्यावर वर्गातल्या इदा नावाच्या मुलाचं नाव, शेजारी बदाम! रबरावर आवडत्या माणसाचं नाव लिहायचं आणि ते झिजवून संपवायचं, म्हणजे मनासारखं होतं, असा तिकडच्या शाळकरी मुलांचा समज. बिचाऱ्या आओकीचा प्रेमभंग तिथेच झाला. पण पुढे कहर म्हणजे ते रबर त्याच्या हातात असताना नेमकं इदाच्याच दृष्टीस पडतं. आता ‘हे माझं नाही’ म्हणावं तर त्या मुलीचं गुपित फुटतं. आओकी मूग गिळून बसतो, आणि इदाची समजूत होते की ह्याचंच आपल्यावर प्रेम आहे. जपानी नाव ‘किएता हात्सुकोई’, म्हणजे पुसलं गेलेलं पहिलं प्रेम. रबराशी किती छान जुळवलंय बघा.

मी मोठ्याने हसले. एकटी, दुपारी, पंख्याखाली. आणि हसताना मला एक गोष्ट जाणवली. हसू कशाचं येतं? घोटाळ्याचं. आओकीच्या फजितीचं, त्याच्या घामाघूम चेहऱ्याचं. मुलाला मुलगा आवडतो ह्याचं हसू पुस्तकात कुठेही नाही. इदा हा सरळमार्गी, गंभीर मुलगा. तो हसत नाही, चार जणांना जाऊन सांगत नाही, मित्रांत टिंगल करत नाही. समोरच्याने आपल्याला काहीतरी मोठं सांगितलंय असं समजून खरोखर विचार करत बसतो. आणि त्याच्या त्या प्रामाणिकपणामुळेच हळूहळू आओकीला तो आवडायला लागतो. बस्, एवढंच.

आता सरांच्या ‘गंभीर असतं तर’कडे येते. सर, गंभीर आपल्याकडे आहे हो! विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. ती मुलीची गोष्ट, आणि शेवट मृत्यू. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचं सत्य आईला त्याच्या डायरीतून कळतं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली मौजेने काढली. भाऊ आणि बहीण दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात आणि दोघांच्याही हाती विरह येतो. ही सगळी मोलाची लेखनं आहेत, मी एक अक्षर कमी लेखणार नाही. पण एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःसारखं कुणी मराठीत शोधायला घेतलं तर त्याच्या वाट्याला काय येतं? रडणं, नाहीतर मरणं.

आणि हसू? ते आहे, पण कसलं, तर टिंगलीचं. ‘आवाज’, ‘जत्रा’सारखे दिवाळी अंक मी वर्षानुवर्षं वाचले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी मला पोट धरून हसवलं. मुलामुलींच्या प्रेमातले घोटाळे, चुकीच्या हाती पडलेल्या चिठ्ठ्या, भलत्याच्याच गळ्यात पडलेल्या माळा, ह्यावर तर मराठी विनोदाचं घर चाललंय! ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालची, अजून लागली की मी बसते. तिथे गंमत सोंगाची आहे, कधी उघडं पडतं ह्याची. पण २००८ सालचा हिंदी ‘दोस्ताना’ आठवा. भाड्याच्या घरासाठी दोन पुरुष आपण जोडपं असल्याचं नाटक करतात. तिथे सोंगाची गंमत थोडी, आणि दोन पुरुष जोडपं म्हणजे काहीतरी हास्यास्पद, ही गंमत जास्त. बोट माणसाकडे आहे, प्रसंगाकडे नाही. हा फरक सरांना सांगून पटेना.

म्हणाले, "आपल्या संस्कृतीत हे नाही." कोल्हापुरात बसून हे म्हणावं? खासबागेशेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते केशवराव लहानपणी ‘शारदा’ नाटकात शारदा झाले होते. आणि ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व! खाडिलकरांचं हे नाटक म्हणजे काय? वेष बदलून ‘वनमाला’ झालेली नायिका, गैरसमज, रुसवे, शेवटी मीलन. विनोदी प्रेमकथाच की. ती दोन पुरुषांनी रंगवली आणि महाराष्ट्र शंभर वर्षं तिचे गोडवे गातोय. सर म्हणतील, ती भूमिका होती. होतीच. ते दोघे तसे होते असा माझा अजिबात दावा नाही. मी बोलतेय प्रेक्षकाबद्दल. रंगमंचावरचे दोघेही पुरुष आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी त्यांच्या लटक्या भांडणात रमायला त्याला अडचण आली नाही. मग एका रबराच्या गोष्टीने संस्कृती कशी काय बुडते?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, तो नातीच्या मैत्रिणीने घेतला होता. ही पुस्तकं तिकडे बहुतांशी मुलींसाठी निघतात. त्यात मुलगे देखणे, जग गोडगोड, आणि खरोखर तसं असणाऱ्या मुलाला घरी-दारी काय सोसावं लागतं ते फारसं नाही. बरोबर आहे. पण शाळकरी प्रेमाच्या आपल्या गोष्टींत तरी हुंडा, जात, बापाचा मार असं सगळं कुठे असतं? थोडं खोटं, थोडं गोड वाचायचा हक्क बाकी सगळ्यांना आहे, आणि ह्याच मुलांना तेवढा वास्तववाद का? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाखालून सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना वगळलं. म्हणजे आता गुन्हा नाही. पण गुन्हा नसणं आणि वर्गात निर्धास्त बसता येणं ह्यात फार अंतर आहे, हे शिक्षकाला सांगायला नको.

हे मी कशावरून म्हणते, ते लिहावं की नको असा दोन दिवस विचार केला. लिहिते.

१९८४-८५ चं साल असेल. नववीच्या वह्या तपासत होते, वर्गातच, टेबलाशी. एका मुलाच्या मराठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या बाकावरच्याच मित्राचं नाव लिहिलेलं होतं. सात-आठ वेळा, वळणदार, प्रत्येक वेळी थोडं वेगळं. हुशार मुलगा, अक्षर मोत्यासारखं. मी वही उंच धरली आणि म्हणाले, "काय रे, लग्न ठरलंय काय तुमचं दोघांचं?" वर्ग फुटला हसून. मीही हसले. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘बायल्या’ म्हणून ओरडलं आणि मी त्याला गप्प केलं नाही. ज्या शिवीत माझीच जात, म्हणजे बाईची, घाण म्हणून वापरलीय, ती शिवी माझ्यासमोर दिली गेली आणि मला ती खटकलीसुद्धा नाही!

तो मुलगा तीन दिवस आला नाही. आला तेव्हा बाक बदलला होता. दहावीपर्यंत त्याने माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. मी समजत होते अभ्यासात ढिला पडला. त्याच्या मनात खरंच काय होतं, मला आजही माहीत नाही; विचारायची तसदीच घेतली नव्हती. पुढे तो कुठे गेला तेही ठाऊक नाही. आज पंचावन्नच्या घरात असेल.

बी. ए., बी. एड. होऊन, तिशी ओलांडून, हातात आयतं नाव आल्यावर मी जे केलं, ते त्या पुस्तकातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा करत नाही. रबर बघून तो हसत नाही. त्या पानाशी मी आले आणि पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. म्हणून सर, "विनोदाने विषयाची चेष्टा होते" असं तुम्ही म्हणालात ना, तेव्हा माझा आवाज चढला. चेष्टा कशी होते ते मला ठाऊक आहे, मी केलेली आहे. ह्या पुस्तकात ती नाही.

तुमचा चष्मा इथेच राहिलाय. न्यायला याल तेव्हा पुस्तकही टीपॉयवरच असेल. उजवीकडून उघडायचं.